सिग्नलला उभं राहून गाडी रेस का करतात?

खिडकीतली_जाई
नमस्कार मंडळी, बरेच दिवस विचारायचं मनात होतं. आम्ही कोथरूडला पहिल्या मजल्यावर राहतो, हॉलची खिडकी बरोबर सिग्नलवर उघडते. सिग्नल नव्वद सेकंदांचा आहे. या नव्वद सेकंदांत किमान दोन-तीन बाईकवाले तरी जागेवर उभं राहून घ्यांऽऽ घ्यांऽऽ करत असतात. पुढे गाडी, मागे गाडी, डावीकडे बस, जायला इंचभर जागा नाही आणि सिग्नल लाल. तरी मनगट पिळणं चालूच.

माझी आई 78 वर्षांची आहे, तिला मागच्या वर्षी कानाचं मशीन घेतलं. मशीन चांगलं आहे पण ते सगळेच आवाज मोठे करतं. संध्याकाळी सहा वाजले की ती मशीन काढून डबीत ठेवते आणि साडेआठला परत घालते. म्हणजे मी ऑफिसातून घरी येते त्या वेळेला तिला माझं काही ऐकू येत नाही. मी बोलते, ती नुसती हसते.

मी स्वतः वीस वर्षं स्कूटर चालवतेय, मला कधी असं करावंसं वाटलं नाही. म्हणून खरंच विचारतेय, रागाने नाही. जे करतात ते का करतात? काही तांत्रिक कारण असतं का?

भन्नाट_भाऊ
कारण एकच. पोरगी शेजारच्या स्कूटरवर आहे.

निवांत_नाना
भन्नाट भाऊ, आणि पोरगी हेडफोन घालून आहे, तिला काही ऐकू येत नाही. ऐकू येतं ते फक्त मागच्या काकांना.

आरेक्स_प्रेमी
ताई, तांत्रिक कारण असतं, निदान होतं. सविस्तर लिहितो, आवडता विषय आहे.

माझ्याकडे यामाहाची आरएक्स 100 होती, नव्वदच्या आसपासची, वडिलांकडून आलेली. ही गाडी आपल्याकडे 1985 ते 1996 एवढीच वर्षं निघाली पण अजून लोक जीव टाकतात. टू स्ट्रोक गाडीत पेट्रोलबरोबर ऑइलसुद्धा जळतं. गाडी पळत असली की सगळं व्यवस्थित जळून बाहेर जातं, पण सिग्नलला स्लोवर, म्हणजे रेस न देता नुसती चालू, उभी राहिली की नीट जळत नाही, ऑइल साचतं, ठिणगी पाडणारा प्लग ओला होतो, काळा पडतो आणि हिरवा लागल्यावर रेस दिली की भुर्रर्र करून गाडी गप्प. मग मागचे हॉर्न, आणि तुम्ही भर चौकात किक मारताय. हे एकदा झालं की माणूस जन्मात गाडी स्लोवर सोडत नाही. दर दहा सेकंदांनी हलकी रेस द्यायची, साचलेलं साफ करायचं. आमच्या सगळ्या ग्रुपच्या खिशात एक जादा प्लग आणि प्लगपाना असायचा, रुमालासारखा.

जुना_येझदीवाला
आरेक्सप्रेमी, बरोबर. तुमच्या गाडीला निदान ऑइलचा पंप होता, जेवढी रेस तेवढं ऑइल. येझदीला आम्ही पेट्रोलमध्येच ऑइल मिसळायचो. पंपावरच्या माणसाचा हात सैल पडला की सगळा दिवस धूर. 1996 ला म्हैसूरचा कारखाना बंद पडला तरी मी 2004 पर्यंत चालवली. सिग्नलला हात सोडला तर बंद पडायचीच. आता माझ्याकडे ॲक्टिव्हा आहे आणि परवा मुलगी मागे बसली होती, म्हणाली बाबा तुम्ही सिग्नलला रेस का देता. मला कळलंसुद्धा नव्हतं मी देतोय ते. मनगटाला अजून येझदीच वाटतेय.

खिडकीतली_जाई
हे मला अजिबात माहीत नव्हतं. पण काका, आता रस्त्यावर टू स्ट्रोक किती उरल्यात? माझ्या खिडकीखाली सगळ्या नव्या चकचकीत गाड्या असतात.

बुलेटराव_सातारकर
टू स्ट्रोकचंच कशाला, जुन्या बुलेटचं ऐका. आमच्या आजोबांची बुलेट, मद्रासची, गिअर उजव्या पायाला, ब्रेक डाव्या. हेडलाइटच्या वर छोटं गोल मीटर असायचं, अँपिअर मीटर. रात्री सिग्नलला लाइट लावून उभे राहिलात की त्याचा काटा मायनसकडे झुकायचा, म्हणजे बॅटरीतून जातंय आणि भरत काहीच नाही. हेडलाइट पिवळा पडत पडत मेणबत्तीसारखा व्हायचा. हलकी रेस दिली की काटा उठून प्लसला, लाइट पांढरा. आजोबा रस्त्याकडे कमी आणि त्या काट्याकडे जास्त बघायचे. मी टाकीवर पुढे बसलेलो असायचो, माझ्या नाकासमोर तो काटा. आजोबांचं मनगट फिरलं की काटा उठायचा, मला वाटायचं आजोबा काट्याशी बोलतायत.

दुसरं म्हणजे न्यूट्रल. जुन्या बुलेटला न्यूट्रल सापडणं म्हणजे दिव्य, त्यासाठी टाचेने दाबायचा एक वेगळा दांडा दिलेला होता. तोही चालेना झाला की हलकी रेस देत, क्लच सोडत-दाबत शोधायचं. तेव्हा सिग्नलला जो रेस देत होता तो फुशारकी मारत नव्हता, झगडत होता बिचारा.

स्वच्छ_हवा
तीस वर्षांपूर्वीच्या गाड्यांची कारणं सांगून आजच्या पोरांना माफी देऊ नका. 1 एप्रिल 2020 पासून बीएस 6, म्हणजे धुराचे कडक निकष आले, बहुतेक गाड्यांचे पेट्रोल-हवा मिसळणारे कार्बोरेटर गेले, फ्युएल इंजेक्शन आलं. सेन्सर बघतो, कॉम्प्युटर ठरवतो किती पेट्रोल सोडायचं. स्लोवर अर्धा तास उभी करा, बंद पडत नाही. आता रेस द्यायचं कारण शून्य. शुद्ध माज.

भन्नाट_भाऊ
स्वच्छ हवा ताई/दादा, +1. पण 2020 च्या आधीच्या गाड्या लोकांनी नदीत नाही टाकल्या. माझी 2013 ची आहे, कार्बोरेटरवालीच. हिवाळ्यात सकाळी चोक ओढून पण दोन मिनिटं धरून बसावं लागतं.

गॅरेज_मास्तर
मी दुचाकीचं गॅरेज चालवतो, 26 वर्षं झाली, पिंपरीला. इथे वाचतो जास्त, लिहितो कमी. पण या विषयावर लिहिणार.

माझ्याकडे रोज सात-आठ गाड्या येतात. त्यातल्या दोन-तीन तरी अशा की गिऱ्हाईक गाडी स्टँडला लावतो आणि बंद करायच्या आधी एकदा जोरात रेस देतो. मी विचारतो का रे, तर म्हणतो इंजिन साफ होतं. कुणी म्हणतो वर हेडपर्यंत ऑइल चढतं. कुणी म्हणतो बॅटरी चार्ज होते. सगळ्यांना हे कुणीतरी सांगितलेलं असतं, वडिलांनी, मामाने, आमच्यासारख्याच एखाद्या मिस्त्रीने. जुन्या गाडीला ते थोडंफार खरं होतं. आताच्या फोर स्ट्रोक गाडीला ऑइल पंप आहे, स्लोवरसुद्धा वर ऑइल पोचतं. उलट सकाळी थंड गाडीला दाबून रेस दिली तर ऑइल अजून घट्ट असतं, पिस्टन-रिंगा कोरड्या घासतात. मी इंजिन खोलतो तेव्हा बोअरला, म्हणजे सिलिंडरला आतून, नख लावून बघतो, उभ्या रेघा लागतात नखाला. तेव्हा गिऱ्हाइकाला विचारतो, सकाळी कशी चालू करता?

आणि आपल्या बहुतेक गाड्या हवेवर थंड होतात. गाडी चालली तर हवा. सिग्नलला हवा शून्य, त्यात रेस, म्हणजे नुसतं तापवणं. काही पोरं गिअरमध्ये क्लच दाबून उभी राहतात, क्लच अर्धवट सोडत पुढे-मागे गाडी डोलवत रेस देतात. त्यांच्या क्लचप्लेटा माझ्याकडे लवकर येतात. काळ्या पडलेल्या, वास येतो जळका.

आरेक्स_प्रेमी
मास्तर, मनापासून नमस्कार. नखाला रेघा लागतात हे वाक्य मी मित्रांच्या ग्रुपवर टाकतोय.

तिखट_मिसळ
कोल्हापूरकर हजर. आमच्याकडं याला रेस म्हणत न्हाईत, इथं मिरवणुकीत सायलेन्सरची पुंगळीच काढून टाकतात. ज्याची पुंगळी जास्त वाजंल तो पुढं. मी पण केलंय भावांनो, अठरा-एकोणीसचा असताना, खोटं कशाला बोलू. सायलेन्सरमधली जाळी काढून घेतली होती. सांगतो का केलं. घरात माझं कोण ऐकत नव्हतं, कॉलेजात मागच्या बाकावर, तालमीत पण पोरं चिडवायची बारीक आहे म्हणून. गाडीवर बसलो आणि मनगट फिरवलं की सगळा रस्ता मान वळवून बघायचा. शिव्या देत असतील, पण बघायचे. त्या वयात तेवढं पण लई वाटतं. 

थांबवलं कुणी तर आमच्या गल्लीतल्या एका आजींनी. ओरडल्या न्हाईत. म्हणाल्या, बाळा तुझी गाडी दुपारी दीडला जाती न्हवं, मला कळतं, मी तेवढ्यापुरती उठून बसते, छातीत धडधडतं म्हणून. मी दुसऱ्या दिवशी मूळचा सायलेन्सर लावला. जाईताईंच्या आईचं वाचून त्याच आजी आठवल्या.

खिडकीतली_जाई
तिखट मिसळ, हे लिहिल्याबद्दल खूप आभार. आईला वाचून दाखवलं, सकाळी, मशीन घातलेलं असताना.

रस्ता_माझाही
मी बाईक चालवते, 150 सीसी, रोज वाकड ते मगरपट्टा. मी सिग्नलला रेस देते आणि मला त्याची लाज नाही, कारण सांगते. मागचा कारवाला सिग्नल सुटायच्या आधीच इंच-इंच पुढे सरकत येतो, त्याचं लक्ष मोबाइलमध्ये. माझ्या मागच्या चाकाला दोनदा बंपर लागलाय. हॉर्न पुढे वाजतो, मागच्याला तो माझा आहे हे कळतही नाही. रेसचा आवाज मागे जातो, एकदा दिली की तो वर बघतो. मला दुसरा उपाय कुणी सांगा.

स्वच्छ_हवा
मागचा ब्रेक दोन-तीनदा दाबा, लाइट चमकतो. आवाज न करता तेच काम होतं.

रस्ता_माझाही
करते. दुपारच्या उन्हात दिसत नाही हो. आणि मोबाइलमध्ये बघणाऱ्याला लाइट कसा दिसेल? कानच उघडे असतात त्याचे, ते पण एसी लावून काचा बंद नसतील तर.

बुलेटराव_सातारकर
यावरून एक गोष्ट. चालवणाऱ्याला स्वतःच्या गाडीचा आवाज खरा किती आहे ते कळतच नाही. सायलेन्सरचं तोंड मागे, डोक्यावर हेल्मेट. मी एकदा माझीच गाडी मित्राला चालवायला देऊन मागून दुसऱ्या गाडीवर निघालो, खंबाटकीत. बोगद्यात शिरलो आणि माझ्याच गाडीचा आवाज माझ्या छातीत घुमला. तोवर मी सगळ्यांना सांगत होतो, माझा सायलेन्सर सौम्य आहे. ज्यांना वाटतं आपला आवाज काही एवढा नाही, त्यांनी एकदा आपल्या गाडीच्या मागे उभं राहावं.

कायदा_बोलतो
माहितीसाठी. नव्या दुचाकीच्या आवाजाला मर्यादा ठरलेली आहे, 175 सीसीच्या वरच्या गाडीला 80 डेसिबल, ठरावीक पद्धतीने मोजून. कंपनीतून गाडी त्यात बसूनच बाहेर येते, नंतर आपण सायलेन्सर बदलतो. मोटार वाहन कायदा, कलम 190(2), आवाज आणि धुराच्या निकषांचा भंग. 2019 च्या दुरुस्तीनंतर पहिल्या गुन्ह्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा 10,000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, शिवाय तीन महिने लायसन्स अपात्र. आणि ध्वनिप्रदूषणाचे 2000 सालचे नियम आहेतच, रहिवासी भागात दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबल. हॉस्पिटल, शाळा, कोर्टाच्या भोवती 100 मीटर शांतता क्षेत्र.

निवांत_नाना
55 डेसिबल म्हणजे आमच्या घरात कुकरची शिट्टीसुद्धा बेकायदा.

कायदा_बोलतो
नाना :) कुकरचं चलान फाडत नाहीत अजून.

म्युनिकचा_मराठी
इथे जर्मनीत वाहतूक नियमांमध्ये सरळ लिहिलंय की गाडीचा अनावश्यक आवाज करायचा नाही आणि इंजिन उगाच चालू ठेवायचं नाही. उभं राहून रेस देणं त्यातच बसतं. शेजारी ऑस्ट्रियात टिरोलमध्ये 2020 च्या उन्हाळ्यापासून काही घाटरस्त्यांवर 95 डेसिबलच्या वर आवाज असलेल्या मोटरसायकलींना बंदी केली, उभ्या गाडीचा आकडा गाडीच्या कागदांवरच छापलेला असतो तोच बघतात. तरीही शनिवारी संध्याकाळी आमच्या गल्लीच्या सिग्नलला ऐकू येतंच. माणूस इथून तिथून सारखाच.

आरेक्स_प्रेमी
एक राहिलं. सिग्नल जवळ आल्यावर गिअर उतरवताना जी छोटी रेस देतात, व्रूम-व्रूम, ती वेगळी. खालच्या गिअरला इंजिन जास्त फिरायला लागतं, तेवढं आधीच फिरवून घेतलं तर क्लच सोडताना झटका बसत नाही, मागचं चाक घसरत नाही. ते कौशल्य आहे, त्याला नावं ठेवू नका प्लीज. गाडी थांबल्यावरही चालू राहिलं तर मग खुशाल ठेवा.

भन्नाट_भाऊ
माझी इलेक्ट्रिक स्कूटर बुक केलीय. सिग्नलला आता तोंडानेच घ्यांऽऽ करणार.

पणजीकर
तोंडान करूंक पयशे लागना रे :) आमच्या गोंयांत पायलट काका असतात, पिवळ्या-काळ्या मोटरसायकलवाले, भाड्यान लोकांना नेणारे. माझे काका तीस वर्षां पायलट होते. त्यांचा नियम, स्टँडवर इंजिन बंद म्हणजे बंद. प्रत्येक थेंबाचे पैसे खिशातून जाणारा माणूस उगीच रेस देत नाही. भाड्याने बाईक घेतलेल्या टुरिस्टांची रेस ऐकली की काका म्हणायचे, पेट्रोल दुसऱ्याच्या बापाचं दिसतंय.

स्वच्छ_हवा
पणजीकर, तुमच्या काकांचं वाक्य फ्रेम करून सिग्नलला लावायला हवं.

खिडकीतली_जाई
मंडळी, आठवड्याने परत आले. तुमचं सगळं वाचून मला वाटलं, खिडकीतून बघत बसण्यापेक्षा विचारावं. एक मुलगा रोज सातच्या सुमारास असतो, पाठीवर डिलिव्हरीची मोठी चौकोनी बॅग, जुनी 100 सीसी गाडी. त्याचा आवाज मला पाठ झालाय, चार छोट्या आणि एक लांब. शुक्रवारी तो सिग्नलच्या अलीकडे फूटपाथला ऑर्डरची वाट बघत थांबला होता, मी खाली गेले. आधी घाबरला, त्याला वाटलं तक्रार. मी म्हटलं, अरे फक्त विचारायचंय, तू सिग्नलला रेस का देत असतोस?

म्हणाला, ताई सोडली तर बंद पडते. बटणाने चालू होत नाही, बॅटरी गेलीय, किक मारावी लागते. बॅग एवढी मोठी की मागे टेकते, उतरल्याशिवाय किक बसत नाही. एकदा चौकात बंद पडली तर मागच्या बसवाल्याने अशा शिव्या दिल्या की तेव्हापासून हात काढतच नाही. मी म्हटलं दुरुस्त का नाही करत, तर म्हणाला स्लो मीच कमी करून घेतलाय, ॲव्हरेज जास्त मिळावं म्हणून.

मी त्याला आईचं सांगितलं. तो वर खिडकीकडे बघत राहिला. म्हणाला, आजी दिसतात मला रोज, मला वाटायचं त्या गंमत बघतात.

तिखट_मिसळ
ताई, घशात काहीतरी अडकलं राव.

गॅरेज_मास्तर
जाईताई, याच्यात काही कठीण नाही. स्लो कमी करून ॲव्हरेज वाढत नाही, हा मोठा गैरसमज आहे. स्लो कमी केला की पोरगं सिग्नलला रेस देत बसतं, त्यात वाचवलेल्याच्या दुप्पट जातं. त्या गाडीला स्लो साधारण 1300-1400 आरपीएम लागतो. कार्बोरेटर उघडून स्लो जेट साफ करायचा, हवेचा स्क्रू आणि स्लोचा स्क्रू दोन्ही गाडी गरम असताना सेट करायचे, प्लगचा गॅप बघायचा, एअर फिल्टर झटकायचा. अर्ध्या तासाचं काम. बॅटरी मात्र बदलावी लागेल, आधी चार्जिंग येतंय का ते मीटर लावून बघून मगच, नाहीतर नवीनसुद्धा मरेल. त्याला माझ्याकडे पाठवा, मजुरी नको मला. पिंपरी लांब पडत असेल तर रविवारी मीच येतो, कोथरूडला बहीण राहते माझी. 

स्वच्छ_हवा
मी वर "शुद्ध माज" लिहिलं होतं. या मुलाच्या बाबतीत ते चुकलं, मागे घेतो. सायलेन्सरमधून फटाके वाजवत जाणाऱ्यांच्या बाबतीत मात्र तसंच ठेवतो.

रस्ता_माझाही
बॅटरीचे पैसे मी देते. मास्तर, कुठली घ्यायची ते मेसेज करा.

खिडकीतली_जाई
मास्तर, रविवारी नक्की या, त्याला दुपारी तीन ते पाच सुट्टी असते, मी विचारून ठेवलंय. सोसायटीच्या गेटच्या आत सावलीत जागा आहे. आई म्हणाली त्या मुलाला आणि मास्तरांना काय आवडतं ते विचार, तिला थालीपीठ करायचंय. 

मोठ्या आवाजाचे सायलेन्सरवाले अजून येतातच, रात्री अकरानंतर दोघे ठरलेले आहेत. त्यांच्या नंबरची चिठ्ठी मी लिहून ठेवलीय, वाहतूक पोलिसांकडे तक्रार कशी करायची ते कायदा_बोलतो यांनी सांगितलं तर बरं होईल. फोटो लागतो का, की नुसता नंबर चालतो?

गॅरेज_मास्तर
थालीपीठ चालेल, लोणी असेल तर अजून चालेल. त्याला सांगा येताना गाडी चालवतच आणायची, गरम हवी. आणि आजींना सांगा, स्लो सेट करताना मला पाच-सहा वेळा रेस द्यावी लागेल, तेवढ्यापुरतं मशीन काढून ठेवा म्हणावं.

खिडकीतली_जाई
सांगितलं. म्हणाली, नाही काढणार, मला ऐकायचंय.